कालच्या पाटीवरचं पान

आये, तुला वाचता येत नव्हतं. घरी आलेला कागद, मग तो ग्रामपंचायतीचा असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका, मीच तुला वाचून दाखवायचे, आणि तू कोयत्यावर मासा कापता कापता नुसतं 'हूं, फुडं' म्हणायचीस. मग आता तुला जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर पत्र लिहायला बसलेय, हा काय शहाणपणा, असं तू म्हणशील. म्हण. आज रविवार आहे, दुपार आहे, लेक मैत्रिणीकडे पालघरला गेलीय, आणि सरावलीच्या या दोन खोल्यांत माझ्याशी भांडायला कुणी नाही. उद्या सकाळी मला एका कागदावर सही करायची आहे किंवा करायची नाही. केली तर नोकरी राहील. नाही केली तर बहुतेक जाईल. गेले चार दिवस मी डोक्यातल्या डोक्यात तुझ्याशीच बोलतेय, तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहूनच काढावं.

मी काय काम करते ते तुला कधी नीट कळलं नाही. तू पालघरजवळच्या आपल्या माहीमभर सांगत फिरायचीस, 'माझी पोरगी बोयसरला पानी तपासते', आणि बाया विचारायच्या, पाण्यात काय तपासायचं? तर ऐक. आमच्या कारखान्यात रंगाला लागणारी रसायनं बनतात. त्यातून जे घाण पाणी निघतं ते मोठ्या टाक्यांत घेतात, त्यात खालून हवा सोडतात, त्या हवेवर बारीक जंतू जगतात आणि ते घाण खाऊन टाकतात. मग साफ झालेलं पाणी बाहेर सोडायचं. ते शेवटी खाडीलाच जाणार. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना मी बाटलीत घेते, त्यात किती घाण उरली ते मोजते, आकडा लिहिते आणि खाली सही करते. अठ्ठावीस वर्षं हेच करतेय. तू मासा हातात घेऊन तो कधीचा ते सांगायचीस, तसं मी आता बाटली उजेडात धरली की आकडा आधीच सांगते, आणि फार तर थोडीशी चुकते. हे तुझ्याकडूनच आलं असणार, बापाकडून तर नक्कीच नाही. तो मी चार वर्षांची असताना गेला, मला त्याचा चेहराही आठवत नाही.

तुझ्या दोन पाट्या मात्र मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. पालघरच्या बाजारात तू भिंतीकडेच्या जागेवर बसायचीस. उजव्या हाताला आजची पाटी, डाव्या हाताला कालची. कालच्या पाटीवर तू बदामाचं एक मोठं पान ठेवायचीस. कुणी विचारायच्या आत कळलं पाहिजे की यातला मासा कालचा आहे, आमटीला चालेल, तळायचा असेल तर इकडून घ्या. बाजारात दुसरी एकही बाई असं करत नव्हती. सगळ्या कालचा मासा बर्फाखाली दडवायच्या, वर चार ताजे मांडायच्या. तुला हसायच्या, 'पानवाली' म्हणायच्या. तू पण हसायचीस. एकदा एकीने तुला विचारलं, 'गो, तू सोताच सांगतेस त कोन घेईल?' तू म्हणालीस, 'ज्याला कालचा पायजे त्यो घेईल.' आणि घ्यायचे गं लोक! संध्याकाळी डावी पाटी रिकामी असायची, हेच त्या बायांना झेपायचं नाही.

मी अकरा वर्षांची होते तो रविवार सांगते, तुला आठवतच असेल, पण मला सांगायचाय. तू आपली चहा घ्यायला आणि बर्फाचं बघायला गेली होतीस. मी एकटी बसले होते. डाव्या पाटीत खाडीतले बोय मासे होते, कालचे, कल्ले मातकट झालेले. शेजारची बाई काय करायची ते मी रोज बघत होते. मोठा मासा कापताना फळीवर जे रक्त साठतं, त्यात बोट बुडवायचं आणि शिळ्या माशाचे कल्ले आतून सारवायचे. झाला लालभडक. मला वाटलं, आये आली की खूश होईल. मी बोय रंगवले, पानाखालून काढले आणि उजव्या पाटीत ठेवले. तू आलीस, बसलीस, पाटीकडे बघितलंस आणि मग माझ्या हाताकडे. 'नखं दाखव.' नखांत रक्त होतं. 'किती इकलंस?' मी म्हटलं, एक. स्टेशनकडच्या काकांनी नेला.

तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. आजच्या पाटीतला एक चांगला बोय उचललास, पाट्या शेजारणीवर सोडल्यास आणि माझं मनगट धरून निघालीस. काकांच्या घरी मासा कापून, हळद-मीठ लावून झालं होतं. काकू तवा ठेवत होत्या. तू उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणालीस, 'काका, तुमी नेलेला मासा कालचा हाय. ह्यो घ्या.' काका म्हणाले, 'अगं, कल्ले तर लाल होते. बघून घेतला मी.' 'माझ्या पोरीने रंगवले.' मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं. काका चांगले होते. हसले आणि म्हणाले, 'जाऊ दे गं. लहान आहे. तळल्यावर आम्हाला काय कळणार?' तू म्हणालीस, 'तुमाला नाय कळनार. पन त्यो शिळाच हाय ना.' आणि हळद लावलेला मासा तसाच परत मागून घेतलास.

परतीच्या एसटीत मी रडत होते. तू खिडकीबाहेर बघत होतीस. बऱ्याच वेळाने, अगदी साध्या आवाजात, बर्फ महागला म्हणावं तसं म्हणालीस, 'मासा शिळा हाय का ताजा, ते गिऱ्हाइकाला इचारून नाय ठरत. मला इचारून पन नाय. त्यो जसा हाय तसा हाय. आपन फकस्त पान ठेवायचं.' त्या संध्याकाळी चुलीवर तू तोच बोय आंबट घालून शिजवलास आणि आपण दोघींनी खाल्ला. मी घास गिळेना, तर म्हणालीस, 'खा. आपल्याला ठावं हाय ना कालचा हाय म्हनून? मंग झालं.' चांगला लागला होता गं. म्हणूनच आणखी रडू आलं.

तुला वाटेल, एवढं जुनं आता का उगाळतेय. त्याला कारण आमचे नवे साहेब. वाईट माणूस नाही, आधीच सांगते. पस्तिशीतला पोरगा आहे, आवाज चढवत नाही, माझा वाढदिवस लक्षात ठेवतो. टाकीत हवा सोडणारं मशीन तीन आठवडे धड चालत नाही. नवीन मागवलंय, येत नाही. हवा नाही म्हणजे जंतू मेले, जंतू मेले म्हणजे घाण तशीच बाहेर. मी आकडा लिहिला तर कारखाना थांबवावा लागेल. म्हणून साहेबांचं म्हणणं, नमुन्यात बोअरचं स्वच्छ पाणी मिसळायचं आणि तो आकडा लिहायचा. बुधवारी त्याने मला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि समजावून सांगितलं. 'मॅडम, मर्यादा म्हणजे शेवटी काय? माणसांनीच टेबलाभोवती बसून ठरवलेला आकडा. इथे एवढा, दुसऱ्या देशात त्याच्या दुप्पट. मग खरा कुठला? चूक-बरोबर असं वर आभाळात लिहिलेलं नसतं हो. तुमच्या जागी तुमचं बरोबर, माझ्या जागी माझं. माझ्यामागे एवढ्या कामगारांची घरं आहेत.' आणि मग, चहाचा कप माझ्याकडे सरकवत, 'खाडीवरच्या लोकांना तसंही सवय झालेली आहे.'

आये, तोपर्यंत त्याचं मला पटत आलं होतं, खोटं कशाला बोलू? आकडा माणसांनी ठरवलाय हे खरंच आहे. घरं आहेत हेही खरं आहे. माझंही घर आहे की. पण सवय झालीय म्हणाला आणि मला एकदम डोंगराकडच्या त्या बाया आठवल्या. पावसाआधी त्या जव्हारच्या बाजूने खाली उतरायच्या, चार महिन्यांची सुकी मासळी न्यायला. सगळ्या कोळणी त्यांना तळातले, मोडके, अळी पडलेले बोंबील द्यायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. 'त्यांना चालतं' म्हणायच्या. गावाने असं ठरवूनच टाकलं होतं. तू मात्र त्यांनाही वरचेच द्यायचीस, आणि एका म्हाताऱ्या कोळणीने तुला त्यावरून टोकलं तेव्हा केवढी कडाडलीस! 'का चालतं? तिच्या पोराच्या पोटात येगळं आतडं हाय काय?' सगळा बाजार वळून बघायला लागला. मला तेव्हा तुझी लाज वाटली होती. पोरवयात आईची लाज वाटायला फारसं कारण लागत नाही.

मी साहेबांना म्हटलं, 'सर, आकडा आपण ठरवला असेल. पण पाणी घाण आहे ते आपण नाही ठरवलं.' तो म्हणाला, सोमवारपर्यंत विचार करा.

घरी येऊन लेकीला सांगितलं. तू तिला पाच वर्षांची बघितलीस, आता कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि जिभेने तुझ्यावर गेलीय. पण विचार मात्र सगळे नवीन. तिचं एक पालुपद आहे, 'आई, ज्याचं त्याचं खरं असतं. आपण कोण ठरवणारे?' मला हे ऐकलं की चीड येते, आणि चीड आली की मी भांडी आपटते. पण ती हे का म्हणते तेही मला कळतं. मी नवऱ्याला सोडून आल्यावर गावातल्या बायांनी मला काय काय बोलून घेतलं, ते तिने लहानपणी ऐकलंय. त्या बायांना वाटायचं की बरोबर-चूक सगळं त्यांच्या पदराला बांधलंय. तेव्हा तिने ठरवलं असणार की आपण कुणालाच चूक म्हणायचं नाही. मायेपोटीच आहे ते.

पण मागच्या महिन्यात काय झालं सांगू? तिच्या मैत्रिणीला, विक्रमगडकडची वारली पोरगी आहे, गुणी आहे, पालघरला खोली हवी होती. मालकिणीने चावीसुद्धा काढली होती. आडनाव ऐकलं आणि चावी परत खिळ्याला लावली. म्हणाली, आमच्याकडे चालत नाही. माझी लेक घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता आत. 'आई, हे चूक आहे! चूक म्हणजे चूकच!' मी कांदा चिरत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, 'असेल बाई, त्या मालकिणीचं तिचं खरं.' तिने माझ्याकडे असं बघितलं की मी सुरी खाली ठेवली. 'हे वेगळं आहे.' 'काय वेगळं?' ती म्हणाली, 'तिला तसं वाटत नसलं तरी ते चूकच आहे ना पण.' मी म्हटलं, 'तेच म्हणतेय मी. तुझ्या आजीने हे मला एसटीत बसून सांगितलं होतं.' आणि मग तिला बोयाची गोष्ट सांगितली, आणि ती हसत हसत रडली, कारण तिला तुझा आवाज आठवतो म्हणे, चेहरा नाही.

मला भीती वाटते ती हीच गं. ज्याला त्याला आपलं खरं वाटून दिलं, की मग ज्याच्या हातात चावी आहे त्याचंच खरं चालणार. मालकिणीचं, साहेबांचं, माझं. त्या वारली पोरीने मग कुणाकडे जाऊन सांगायचं की माझ्यावर अन्याय झाला? तिने तसं म्हटलं तर लोक म्हणणार, हे तुझं मत. गावाने ठरवलं म्हणून तळातले बोंबील चांगले होत नाहीत, हे तुला म्हणता आलं, कारण गावाच्या वर काहीतरी आहे असं तू धरून चालली होतीस. तू त्याला कधी नाव दिलं नाहीस. देवाचंही नाव घेतलं नाहीस, आणि तुझं देवाशी काही फार जमतही नव्हतं. मी एवढी शिकले, पण मलाही नाव सापडत नाही. तू बदामाचं पान ठेवायचीस, एवढंच मला सांगता येतं.

बुधवारी मी सही केली नाही हे लेकीला कळलं तेव्हा तिने मला मिठी मारली. 'आजीची पोरगी आहेस,' म्हणाली. आणि मला ती मिठी सोडवून घ्यावीशी वाटली, कारण मी तिला अर्धंच सांगितलं होतं. त्याच दिवशी टाकीवरचा आमचा माणूस, बिहारचा आहे, इथेच दोन गल्ल्या सोडून राहतो, बाटली घेऊन माझ्याकडे आला आणि अगदी सरळपणे विचारलं, 'मैडम, वही पहले वाला करना है ना?' पहले वाला. होय आये. मशीन बिघडलं त्या पहिल्या दोन आठवड्यांचे कागद माझ्या सहीचे आहेत. बाटलीत बोअरचं पाणी मी माझ्या हाताने घातलं. दोनदा. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, मशीन येईल. तिसऱ्या वेळी अडले, म्हणून तर बुधवारचा तो केबिनमधला चहा. दुसऱ्या सहीनंतरच्या रविवारी मी शिरगावला मावशीला भेटायला जाताना खाडीच्या पुलावर उतरले. ओहोटी होती. खाली चिखलात बाया शिवल्यांच्या शिंपल्या वेचत बसल्या होत्या. मी वरून विचारलं, मिळतात का गं? एक जण मान वर न करता म्हणाली, 'मिलतात. वास मारतात आता, पन धुवून घेतो आमी.' मी पिशवी उचलली आणि चालू लागले. खाली उतरून 'नका खाऊ' एवढे दोन शब्द म्हणाले नाही.

तेव्हा उद्याचं माझं असं ठरलंय. नव्या कागदावर सही करणार नाही, ते तर झालंच. पण मी एक कागद स्वतः लिहिलाय. त्यात लिहिलंय की मागचे दोन अहवाल खोटे आहेत, नमुन्यात पाणी मी घातलं आणि ते मीच सांगतेय. एक साहेबांना देणार, दुसरा तपासणीच्या सरकारी कचेरीत. सकाळी जाण्याआधी लेकीलाही वाचून दाखवीन. ती काय म्हणेल माहीत नाही. मिठी बहुधा नाही मारणार. नोकरी गेली तर माहीमच्या घराचं कुलूप काढू आणि बघू. बावन्नाव्या वर्षी काय मला कुणी बाजारात बसू देणार नाही? दोन पाट्या घेईन.

तो कागद लिहून झाला आणि मला वाटलं, आता मोकळं वाटेल. नाही वाटलं. मग कळलं की तुला सांगायचं राहिलंय, आणि म्हणून हे पत्र. आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाई आठवतात ना तुला? त्याच, ज्या पालघरहून यायच्या. माझी दहावी झाल्यावर घरी आल्या, खाली चटईवर बसल्या आणि तुला म्हणाल्या, 'हिला शास्त्र शिकवा, हिची नजर खरी आहे.' आणि तू छाती फुगवून म्हणालीस, 'बाई, माझी पोरगी खोटं बोलत नाय.' मी आत चहा गाळत होते. गाळणं हातात धरून तशीच उभी राहिले.

त्या रविवारी तू विचारलंस, किती इकलंस. मी म्हटलं, एक. दोन होते, आये. काकांच्या आधी याच बाई आल्या होत्या. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, 'अरे वा, आज तू बसलीस?' म्हणाल्या. मी रंगवलेला बोय उचलून त्यांच्यापुढे धरला, कल्ला उघडून दाखवायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. म्हणाल्या, 'अगं, तू देतेयस ना, मग बघायचं काय त्यात.' आणि न बघताच पिशवीत टाकला.